दही लागेपर्यंत

आमच्या आळीच्या टोकाला गणपतीचं देऊळ आहे. तिथे मोठ्याने बोललेलं चालतं, भांडणही चालतं. निवडणुकीच्या दिवसांत तर खुद्द गणपतीलाच बाहेर जाऊन बसावंसं वाटत असेल. मोठ्याने बोलायचं नसतं ते अष्टनारायण सुवालांच्या घरातल्या सर्वांत वरच्या खोलीत. तिथे दही लागत असतं.

खोली स्वयंपाकघराला लागून, कौलांखाली आहे. जमिनीवर भाताच्या तुसाची जाड गादी, तिच्यात गळ्यापर्यंत रुतवलेली मातीची वाडगी, वाडग्यांत आटवलेलं, साखर घातलेलं म्हशीचं दूध, आणि या सगळ्यावर घरातली सर्वांत चांगली रजई. पाहुण्यांना दुसऱ्या नंबरची रजई मिळते. एकदा ही रजई पांघरली की दही लागेपर्यंत ती कोणी उचलायची नाही. उचलली की वारा शिरतो, वारा शिरला की दही मोडतं, आणि मोडलेलं दही आमच्या भक्तपुरात विकता येत नाही, काठमांडूला पाठवावं लागतं. माझ्या डोळ्यांदेखत देशाच्या राज्यघटना बदलल्या. हा नियम बदलला नाही.

रजई उचलण्याचा अधिकार फक्त हेराकेशरीचा, म्हणजे अष्टनारायणांच्या बायकोचा. ती वेळ बघत नाही. खोलीत येते, नाकाने हवा ओढते आणि एक तर परत जाते, नाही तर रजईची एक कड उचलून हाताशी लागेल ते वाडगं तिरकं करते. दही हललं नाही तर लागलं. या एका परीक्षेवर तिने घर चालवलं, दोन नणंदा उजवल्या आणि माणसंही जोखली. फार हलणारी माणसं तिला आवडत नाहीत.

पौषाच्या थंडीत तिची सून रोजिना बाळंत झाली. मुलगी झाली. नाव ठेवलं होतं ते कोणाच्या तोंडी बसलं नाही. सगळे तिला मैंचा म्हणत, म्हणजे नुसतंच ‘पोरगी’. रोजिना कुंभाराची लेक. सुवालांकडे दही ज्या वाडग्यांत लागतं ती तिच्या बापाच्या चाकावरची. पण माहेरच्या अंगणात भांडी भाजायच्या आव्याचा धूर, तेव्हा माहेरी न पाठवता तिला इथेच ठेवायचं ठरलं, आणि घरातली सर्वांत उबदार खोली म्हणून दह्याच्याच खोलीत, भिंतीशी, तिचं अंथरूण पडलं. दह्याला आणि बाळंतिणीला दोघांनाही ऊब लागते आणि दोघांनाही वारा चालत नाही, यावर घरात एकमत होतं. या दोघांमधलं तिसरं साम्य कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्या खोलीत दिवस आणि रात्र यांच्यात फारसं भांडण नसे. कौलांमधल्या काचेतून एक उजेडाची पट्टी उतरायची, तुसावरून हळूहळू सरकत भिंत चढायची आणि नाहीशी व्हायची. ओव्याच्या कढणाचा वास, मोहरीच्या तेलाचा वास, कोमट दुधाचा वास. रोजिना ना धड जागी ना धड झोपलेली. तिला वाटे, रजईखाली वाडगी श्वास घेतायत. एक वाडगं झोपेत कूस बदलतं, दुसरं त्याला दटावतं. मग छातीत मुंग्या यायच्या, जसं दूरच्या पायवाटेने कोणी येताना आधी पैंजण ऐकू यावेत, आणि पान्हा फुटायचा. मैंचा डोळे मिटून प्यायची. पिताना तिच्या कानाच्या पाळ्या हलायच्या. तेवढ्या वेळापुरतं रोजिनाला जगाकडून काही नको असे.

पहिले दिवस हेराकेशरी प्रसन्न होती. पहिल्या दिवसांचा चीक पिवळा, चिकट. “याला म्हणतात दूध,” ती म्हणाली. मग चीक संपला आणि खरं दूध उतरलं. पातळ, किंचित निळसर, डोळ्यांच्या पांढऱ्या भागासारखं. हेराकेशरीने ते सुनेच्या पदराला लागलेलं पाहिलं आणि तिचा चेहरा आखडला. गिऱ्हाइकाने पैसे देताना फाटकी नोट दिली की तिचा चेहरा असाच होतो.

त्याच आठवड्यात माहेरचे दही-पोहे आले. मुलगी बाळंत झाली की माहेरच्यांनी दही आणि पोहे घेऊन यायचं, ही आमची रीत. दहीवाल्यांच्या घरी दही न्यायचं म्हणजे पंचाईत. व्याह्यांच्याच दुकानातलं न्यावं तर थट्टा, दुसरीकडचं न्यावं तर अपमान. रोजिनाच्या आईने, चंद्रमायाने, खूप विचार करून अपमान निवडला. तळ्यापलीकडच्या दुकानातलं दही घेऊन ती जिना चढून आली. हेराकेशरीने ते तिच्या हातातून घेतलं आणि खाली ठेवण्याआधीच तिरकं केलं.

“पाणी सुटलंय.”

“वाटेत हिंदकळलं असेल, विहीणबाई.”

“हिंदकळल्याने चांगलं दही सुटत नाही, विहीणबाई. रुसतं फक्त.”

“भांडं तरी बघा. आमच्या चाकावरचं आहे.”

“भांड्यात काही खोट नाही,” हेराकेशरी म्हणाली आणि भिंतीशी निजलेल्या रोजिनाकडे पाहिलं. पाहिलं ते मायेनेच. पण खोट कुठे शोधायची, हे त्या दिवशी ठरलं.

मैंचा संध्याकाळी रडायची. सगळीच लहान मुलं संध्याकाळी रडतात. दिवसभर माणसांची तोंडं पाहिल्यावर मोठ्यांनाही रडावंसं वाटतं. पण या घरात वर रडलेलं खाली दुकानात ऐकू जायचं. मग एकेक जण जिना चढायचा. दह्याच्या रजईला धक्का लागू नये म्हणून चवड्यांवर चालत, भिंतीला घासत, श्वास रोखून रोजिनापर्यंत पोचायचा आणि मग तिच्या अंगावरचं पांघरूण ओढून विचारायचा, “आलं का?”

“पुरतं का?” हे अष्टनारायणांच्या बहिणीचं, ज्ञानशोभा निनीचं, म्हणजे आत्याचं. तिचं सासर दोन घरं सोडून, पण राहणं इथेच.

“आज दोन्हीकडे पाजलंस का एकाच?”

“दाबून बघ ना जरा.”

“बघू, मी दाबून बघते.”

“निनी!”

“अगं, मला काय लाजायचं? मी तुझ्या नवऱ्याला आंघोळी घातल्यात.”

रोजिनाला झोप लागायची आणि कोणी तरी उठवायचं. मैंचा प्यायला लागायची आणि कोणी तरी वाकून बघायचं. मग पैंजणवाली त्या पायवाटेवरच थबकायची, आणि पुष्कळदा परतही जायची.

आरोग्यचौकीच्या भिंतीवर चित्र होतं: सहा महिने फक्त आईचं दूध. रोजिनाने ते दोनदा वाचलं होतं. चित्रातली बाई एका हिरव्या टेकडीवर एकटीच बसून पाजत होती. तिच्या आसपास घर नव्हतं, जिना नव्हता, निनी नव्हती.

एका सकाळी हेराकेशरीने पणतीएवढं वाडगं तिच्यापुढे धरलं.

“थोडं दे.”

“कशाला, मां?”

“बघू.”

रोजिनाने दिलं. हेराकेशरीने ते चुलीशी कोमट केलं, त्यात विरजणाचा कण सोडला आणि मोठ्या वाडग्यांच्या ओळीत, तुसात, अगदी हळुवारपणे ते बसवलं. यात दुष्टावा नव्हता. दुसऱ्या घरात डॉक्टर बोलावतात, ज्योतिषी बोलावतात. तिला जगातलं कुठलंही दूध ओळखायची एकच रीत ठाऊक होती, आणि ती आजवर खोटी ठरली नव्हती.

संध्याकाळी तिने रजई उचलली. मोठी वाडगी सगळी लागलेली. पणतीतलं दूध तसंच पाणी, वर एक पांढुरका धागा तरंगत होता. तिने ते तिरकं केलं आणि ते सांडलं. बाईचं दूध दह्यासारखं लागतच नाही, कोणाचंच नाही, हे सांगायला त्या खोलीत कोणी नव्हतं. आणि असतं तरी त्याला आधी ‘तू कधी लावून पाहिलंस का’ असं विचारलं गेलं असतं. हेराकेशरी पणती हातात घेऊन बराच वेळ बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

“तुझा दोष नाही, पोरी,” ती म्हणाली. “दूधच तसं आहे.”

दुसऱ्या दिवशी आळीभर झालं, की रोजिनाचं दूध लागत नाही.

रोजिनाचा नवरा रत्नकृष्ण बँकेत होता आणि घरात शिकलेला म्हणून त्याच्यावर शिकलेल्यासारखं वागायची जबाबदारी होती. तो दुधाच्या पावडरीचा डबा घेऊन आला. डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की बाळासाठी आईचं दूधच सर्वोत्तम. त्याने ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि पाणी उकळायला ठेवलं.

“फक्त संध्याकाळची एक बाटली,” तो रोजिनाला म्हणाला. “तुलाही आराम.”

“मला आराम नकोय. मला पाजायचंय.”

“पाज ना. कोणी नको म्हटलंय?”

आणि खरंच, कोणी नको म्हटलं नाही. पहिल्या संध्याकाळी मैंचा बाटली पिऊन दगडासारखी झोपली. सगळं घर तिच्याभोवती उभं राहून, तीर्थाला आल्यासारखं, ती झोप बघत राहिलं. रोजिनाची छाती दुखून आली, मग तिच्यातही दगड झाले, मग दगड विरघळले आणि मऊ, रिकामं काही तरी उरलं. दुसरी बाटली आली, कारण दूध कमी पडत होतं. दूध कमी पडलं, कारण बाटली आली होती. या चक्रात तर्काची एकही चूक नव्हती, म्हणून ते कोणाला थांबवता येत नव्हतं. रोजिनाला आता पायवाटेचं स्वप्न पडलं तर वाट रिकामी दिसायची. लांब कुठे तरी पैंजण वाजायचे, दुसऱ्याच कोणाच्या गावी निघाल्यासारखे. जागी झाली की ती मैंचाला छातीशी लावून बघायची. मैंचा तोंड लावायची, वाट बघायची, चिडायची आणि मान जिन्याकडे वळवायची. बाटली जिन्यावरून येते हे तिला कळायला लागलं होतं.

दुपारी आळीच्या चौकात ऊन यायचं. रोजिना तिथे मैंचाला तेल चोळायला बसायची. भोवती बायका, लोकरीचे गुंडे, संत्र्यांच्या साली. त्या दिवशी चंद्रमायाही आली होती.

“आटलं का गं?” एकीने विचारलं, म्हणजे ‘जेवलीस का’ विचारावं तसं.

“आटत चाललंय.”

“आटतंच. माझं लावणीत गेलं. कमरेइतक्या चिखलात उभी मी, आणि पोर बांधावर.”

“माझं तापात. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू आहेत तोवर पाजू नको. गोळ्या संपल्या तोवर पोरगा बाटलीचा झाला होता.”

“माझं शाळेत. पोरांच्या शाळेत नव्हे, मी शिकवायची त्या शाळेत. रजा संपली. तिसऱ्या तासाला सगळा पदर भिजायचा. हेडसर म्हणाले, बाई, घरी जाऊन या. मी म्हटलं, घर बसने दोन तासांवर आहे, सर.”

“माझं कुठे गेलं होतं? चांगलं होतं की! सासू म्हणाली, पोरगं रडतंय म्हणजे उपाशी आहे, आणि घातली पेज. ते पोरगं आता दोन पोरांचा बाप आहे. अजून रडतंय.”

सगळ्या हसल्या. चंद्रमाया हसली नाही. “माझं आव्याच्या वेळी गेलं,” ती लेकीला म्हणाली. “आवा पेटलेला सोडून उठता येत नव्हतं. तू रडून रडून झोपलीस. नंतर तू मागितलंच नाहीस.”

“आणि वहिनी, तुमचं?” निनीने हेराकेशरीला विचारलं.

हेराकेशरी उठली. “दही उतू जातंय का बघून येते,” म्हणाली आणि घरात गेली. दही कधी उतू जात नाही, हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं.

 मग लावणीवाली म्हणाली, “आमच्या म्हशीचं बरं. तिचं असं मध्येच कधी आटलं नाही.”

“तिला येऊन जाऊन कोणी विचारतं का, पुरतं का, पुरतं का? सकाळ-संध्याकाळ पिळतात, झालं.”

“आणि नाही पिळलं तर?” रोजिनाने विचारलं.

“नाही पिळलं तर आटेल. कोणाचं नाही आटणार?”

बायका पुन्हा हसल्या. हसणं मध्येच पातळ झालं आणि संपलं. रोजिनाचा तेलाचा हात मैंचाच्या पोटावर तसाच थांबला होता.

माघात लग्नं सुरू झाली. एका मोठ्या लग्नाची ऑर्डर आली. खोली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत वाडग्यांनी भरली. सकाळभर दूध आटत होतं. वाफ कौलांना लागून थेंब होत होती आणि थेंब पुन्हा खाली येत होते, जणू घरातच एक लहानसं आकाश केलं होतं. दुपारी हेराकेशरीने शेवटचं वाडगं तुसात बसवलं, रजई आणायला म्हणून वळली, आणि खालून अष्टनारायणांनी हाक मारली की लग्नाघरचा माणूस आलाय. ती निनीला “पांघरूण घाल गं” म्हणून उतरली. निनीने रजई आणून वाडग्यांच्या कडेला नुसती टेकवली आणि लग्नाघरचा माणूस बघायला तीही उतरली.

रोजिनाने मैंचाला उचललं. अंथरुणाशी शेवटच्या ओळीत एका माणसापुरती जागा उरली होती. ती तिथे आडवी झाली. तूस कोमट होतं, माहेरच्या अंगणातल्या राखेसारखं. मैंचाला तिने कुशीत घेतलं, ब्लाउज सोडला आणि मग एका हाताने ती मोठी, जड, घरातली सर्वांत चांगली रजई दह्यावरून ओढत ओढत आपल्या खांद्यापर्यंत आणली. बाहेर राहिली फक्त दोन डोकी.

मैंचाने तोंड लावलं, वाट पाहिली, चिडली. मान जिन्याकडे वळवली. जिन्यावरून कोणी आलं नाही. तिने पुन्हा तोंड लावलं. रोजिनाने डोळे मिटले. कोणी विचारत नव्हतं. उजेडाची पट्टी तुसावरून निघाली होती, तिला कुठे पोचायची घाई नव्हती. बाजूच्या वाडग्यांतली ऊब तिच्या पाठीला लागत होती, तिची ऊब त्यांना. ती बापाच्या चाकावर फिरत होती. बाप ओल्या हातांनी तिच्या कडा वर ओढत होता आणि म्हणत होता, नवं भांडं आधी स्वतः पितं, मग धरतं. चाक फिरता फिरता तळं झालं, तळ्यावर धुकं, धुक्यातून पायवाट. मैंचा ओढत होती, सोडत होती, झोपत होती, जागी होऊन पुन्हा ओढत होती. आणि फार लांबून, अगदी गावाच्या वेशीपलीकडून, कोणी तरी यायला निघालं होतं.

हेराकेशरी बाटली घेऊन वर आली तेव्हा पट्टी भिंत चढू लागली होती. तिने अंथरूण पाहिलं, रिकामं. मग रजई पाहिली आणि रजईच्या कडेला दोन डोकी.  लग्नाचं दही! तिने हात पुढे केला, रजईची कड दोन बोटांत धरली.

आणि हात थांबला. तिने नाही थांबवला. तो हात लग्न होऊन आल्यापासून, सासूच्या हाताखाली, फटके खाऊन तयार झाला होता. दही लागायच्या आत रजई उचलणं त्याला येतच नव्हतं.

रोजिनाने डोळे उघडले. “मां,” ती कुजबुजली, “वारा शिरेल.”

हेराकेशरीने कड सोडली. थोडा वेळ उभी राहिली, मग भिंतीला टेकून तुसाच्या कडेला बसली. बाटली मांडीवर. रजईखालून आवाज येत होता. आधी नुसता चोखल्याचा, कोरडा. मग बराच वेळ काहीच नाही. मग एक घोट. मग थांबून आणखी एक. आयुष्यभर दुधाचे आवाज ऐकलेल्या बाईला घोट आणि चोखणं यांतला फरक कोणी सांगायला लागत नाही. ती कान देऊन बसली.

“वहिनी!” जिन्यातून निनी. “बाटली थंड होईल हो! प्यायली का? किती प्यायली? मी येऊ का बघायला?”

“हळू बोल,” हेराकेशरी म्हणाली. “लागतंय.”

“काय?”

“दही.”

निनीची पावलं चवड्यांवर आली आणि चवड्यांवरच खाली गेली. मागून अष्टनारायण चढत होते, त्यांनाही तिने जिन्यातच परतवलं. रत्नकृष्ण बँकेतून आला. त्याला वर जायचं नाही एवढंच सांगण्यात आलं. दह्याचं कारण दिलं की या घरात पुढचा प्रश्न येत नाही.

खोलीत सावली भरत गेली. “मां,” रोजिना झोपेतूनच म्हणाली, “तुमचं कसं गेलं होतं?”

हेराकेशरीने उत्तर द्यायला इतका वेळ घेतला, की रोजिनाला पुन्हा झोप लागली होती.

“गेलं कसलं,” ती रजईला म्हणाली. “सारखं उघडून बघायचे.”

मग तिने नाकाने हवा ओढली. उठली. रजईची दूरची कड उचलून एक वाडगं तिरकं केलं. लागलं होतं. दुसरं, तिसरं, सगळी लागलेली, घट्ट, लग्नाला शोभतील अशी. एकेक वाडगं काढत, रजई मागे सारत ती शेवटच्या ओळीपर्यंत आली. रोजिना गाढ झोपली होती. मैंचाही झोपली होती, तोंड सुटलेलं, आणि ओठांच्या कोपऱ्यातून दुधाचा एक निळसर थेंब गालावर उतरत होता. हेराकेशरीने तो बोटाच्या टोकावर घेतला, उजेडाच्या उरल्यासुरल्या पट्टीत धरला आणि बोट तिरकं केलं. थेंब घरंगळला.

“पातळच आहे,” ती म्हणाली.

आणि रजई पुन्हा दोघींच्या खांद्यांपर्यंत ओढून, कडा नीट खोचून, बाटली घेऊन चवड्यांवर खाली गेली.